चिमाबायचं दार

खाडीच्या तोंडाशी हे दोन कातळ दिसतात ना, दोन्ही डावीकडे झुकलेले, मधून जेमतेम एक गलबत जाईल एवढी फट, याला आम्ही चिमाबायचं दार म्हणतो. माझ्या आज्यानं सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

फार पूर्वी आत सतरा घरांची वाडी होती म्हणे. एका वर्षी विहिरी खारट झाल्या, त्या पुन्हा गोड झाल्याच नाहीत. वाडीची गलबतं हाकणाऱ्या धाकू तांडेलानं ठरवलं की गाव मोडेल, पण माणसं तुटायची नाहीत. सगळे एकाच गलबतातून जातील. दीड वर्ष खपून गलबत बांधलं. पाण्यात उतरवून इथवर आणलं आणि ते अडलं. फटीपेक्षा हातभर रुंद झालं होतं. दोन उधाणं वाट पाहिली, तरी जाईना. बायका रडायला लागल्या.

या डाव्या कातळावर चिमाबाय राहायची. तिचा नवरा याच फटीत बुडाला होता. तेव्हापासून बारा वर्षं ती इथंच, कालवं काढून विकायची. तिच्यापुरतं गोडं पाणी कातळातून झिरपायचं. तिच्याशी फारसं कुणी बोलत नसे. त्या दिवशी धाकू स्वतः आला.

ती म्हणाली, "दार तिरकं आहे, तांडेल. गलबतही तिरकं करा. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधून माझ्याकडे फेका. भाद्रपदातल्या अवसेला पाणी थबकेल, तेवढ्यात काढायचं."

"दोर सोडणार कोण?"

"मीच. लवकर सुटला तर फळ्या फुटतील, उशीर झाला तर काठी मोडेल."

"मग तू गलबतात चढणार कधी?"

"तुम्ही पुढं व्हा, मी येते," ती म्हणाली. धाकूनं पुढं विचारलं नाही. ते त्याला जन्मभर खात राहिलं, असं सांगतात.

अवसेला सगळी माणसं डाव्या बाजूला दाटीनं बसली. चिमाबायनं दोराचे वेढे सुळक्याला घातले आणि ओढ धरली. गलबत कललं, कातळाला अंग घासत सरकलं. गलबताची शेवटची फळी फटीतून बाहेर पडली तेव्हा तिनं दोर सोडला. गलबत सरळ झालं आणि ओहोटीनं ते बाहेर खेचून नेलं. धाकू ओरडत होता, "चिमाबाय, उडी टाक!" ती उभी होती. तिनं फक्त हात वर केला.

पुढच्या भाद्रपदात धाकू होडी घेऊन तिला न्यायला आला. खोपटं झाडून ठेवलेलं होतं, ती नव्हती. समोरच्या कातळाचं पुढे आलेलं नाक मात्र हातभर फोडलेलं होतं. कालवं फोडायच्या हत्यारानं, ओहोटीच्या पाण्यात उभं राहून, वर्षभर एकटीनं. आता कुठलंही गलबत सरळ जाईल एवढी वाट झाली होती. धाकूनं भरती उतरेपर्यंत हाका मारल्या म्हणे.

आजही इथं होडी कलती करावी लागत नाही. पण आलंच दार. उठा, सगळे डावीकडे सरका. दाटीनं बसा. अहो ताई, ती पिशवी मांडीवर घ्या. काठाजवळ एका माणसाची जागा रिकामी ठेवायची असते.