आवडाईची वई

आपल्या आज्यांच्याही आज्या नव्या नवऱ्या होत्या ना, तेव्हाची ही गोष्ट. धामणेवाडीच्या खाली वहाळ, वहाळात डोह, आणि त्या डोहावर गावच्या बायका न्हायच्या. मग खोताने काठाला लागूनच गाडीवाट काढली. झालं! गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. बायकांनी लुगड्यानिशी दोन तांबे अंगावर ओतायचे नि घर गाठायचं.

आवडाईची सून सुंदरी नवी होती. तिने बोचकंच बांधलं. "आत्याबाय, जिथे धड न्हाता येत नाही, तिथे मी नांदायची नाही."

आवडाईला लेक नव्हती. ही सून म्हणजे तिचा जीव. ती म्हणाली, "थांब गो. लोकांचे डोळे मला बांधता येत नाहीत, वई तरी बांधते."

वई म्हणजे जित्या झाडांचं कुंपण. पावसाच्या तोंडाला तिने वाटेच्या कडेने पांगाऱ्याचे खुंट ठोकले. पांगारा काय, रोवला की फुटतो. त्यावर गारवेल सोडली. गणपतीपर्यंत असा हिरवा पडदा झाला की गाडीतल्यांना नुसतं हसणं ऐकू यायचं. सुंदरीने बोचकं सोडलं.

पण शिमगा आला आणि पांगाऱ्याने सगळी पानं टाकली! गारवेल वाळली. डोह उघडा, आणि वर हा लालभडक फुलून उभा. मैनांनी गिल्ला केला, गाडीवाल्यांनीही केला. सुंदरी पुन्हा बोचकं शोधायला लागली.

"मेल्या पांगाऱ्या, तुला आत्ताच नटायचं होतं?" आवडाईने कपाळावर हात मारला आणि घरोघर निघाली. "बायांनो, सणाला माहेरी जाताय ना? येताना पान न टाकणारं काहीतरी आणा."

कुणी अडुळसा आणला, त्याला शेळी तोंड लावत नाही. कुणी जास्वंद, कुणी कुसरीचा वेल. सुंदरीने आईच्या न्हाणीमागची कण्हेर आणली. तिन्हीसांजेला साऱ्या फांद्या पांगाऱ्यांच्या मधे रोवल्या. आवडाई त्या माहेरच्या फांद्यांना पाणी घालत म्हणाली, "आयांनो, तुमच्या लेकी सांभाळा." उजाडलं तेव्हा वई पुरुषभर उंच झाली होती, असं म्हणतात.

खोताचा गाडीवान रावजी. त्याला काही राहवेना. पानं सारून त्याने डोळा लावला, तर पलीकडून त्याचीच आई बघत होती!

"रावज्या, आंघोळ केलीस का रे?"

रावजी गाडी-बैल तिथेच टाकून घरी पळाला आणि भर दुपारी डोक्यावरून न्हाला. मग जो फट शोधेल त्याला त्याची आई. खोतानेही डोकावलं, असं म्हणतात. त्याची आई तर तो रांगत असतानाच गेलेली. तो कितीतरी वेळ वईपाशी उभा होता, आणि निघाला तेव्हा डोळे पुसत हसत होता.

आवडाई गेली, वई आहे. आता घरोघर न्हाणीघरं झाली, तरी नवी नवरी पहिल्या शिमग्याला माहेरची फांदी आणून तिथे रोवते. आणि त्या वळणावर गडीमाणूस, मग तो मोटारसायकलवर का असेना, मान खाली घालून मोठ्याने ओरडतो, "आये, न्हालोय गो मी!"

वईच्या आत कुणीतरी हसतंच.