टिबुकलीचे मऊ अंडे

पूर्वी ताम्रवती नगरावर कृतवर्मा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व डोंगरापलीकडच्या तळ्यात टिबुकल्यांच्या कुळात जन्मला होता. टिबुकली म्हणजे पाण्यावर तरंगते घरटे बांधणारा, पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारा इवलासा पक्षी.

नगरात तांब्याचा दगड उघड्यावर भाजत. त्यातला गंधक जळे आणि धुराने राजकन्या खोके. म्हणून राजाने दगड भट्ट्यांत घालवून त्यांवर डोंगराएवढे उंच धुराडे बांधले. खोकला थांबला. धूर मात्र ढगांत मुरला, पाऊस आंबट झाला आणि पलीकडच्या तळ्यावर पडू लागला. शेवाळ गेले, मासे गेले, पाणी आरशासारखे नितळ झाले. लोक कौतुकाने म्हणत, "काय स्वच्छ तळं आहे!"

टिबुकलीची अंडी मात्र उबवतानाच चेपू लागली.

"माझंच काहीतरी चुकतंय," बोधिसत्त्वाची मादी म्हणाली. आया असेच म्हणतात.

"अगं, गोगलगायींचीही कवचं विरघळली. तेही तूच केलंस का?" बोधिसत्त्व म्हणाला. "त्या खाऊनच आपल्या अंड्यांना बळ येतं."

"मग दुसऱ्या तळ्यावर जाऊ या हो."

"आपल्याला पंख आहेत. बेडकांनी कुठं जायचं?"

चेपलेले एक अंडे पाणगवतात गुंडाळून तो राजाकडे गेला.

"धूर तर मी वर घालवला!" राजा चिडला.

"वर गेलेला धूर पावसातून खाली येतो, महाराज."

"मग माझ्या लेकीला खोकू देऊ?"

"छे! तिला बरं वाटलं, आनंदच आहे. पण एका लेकराचा खोकला दुसऱ्याच्या अंगणात का टाकायचा?"

राजाने अंडे तळहातावर घेतले. बोट लावताच त्यात खळगा पडला. राज्य तांब्यावर चालत होते. तरी त्याने भट्ट्या विझवल्या, भट्टीवाल्यांना कोठारातून धान्य लावून दिले आणि तळ्याचा आंबटपणा मारायला चुना टाकवला.

तळे लगेच सुधारले नाही. पुढचा पावसाळा तसाच गेला, त्यापुढचाही. मग गोगलगायी दिसू लागल्या, पाणी जरा गढुळले, मासे आले. अखेर एका अंड्यातून टकटक ऐकू आली.

"अहो, कवच केवढं टणक झालंय! आता बाळानं ते फोडायचं कसं?" मादी काकुळतीला आली. ते फुटेपर्यंत तिने घास घेतला नाही.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या सभेला म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा भिक्षू सुदान्त. ती टिबुकली म्हणजे मागे लेकरू घेऊन बसलेली ही सुजया. ती अजूनही काळजीच करते. तिचा जोडीदार मी होतो. पंख असून बिनपंखांसाठी थांबणे, यालाच करुणा म्हणतात."