सोडे आणि ठेचा

घाटमाथ्यावरच्या एका गावात सोनबा नावाचा बेकरीवाला राहत होता. त्याच्याकडे पावाची जुनी भट्टी होती. पाव-बटरचा खप कमी झाला, तसा तो त्याच भट्टीत पिझ्झा भाजू लागला. गाव अशा जागी वसलेलं, की घाट चढून आलेली कोकणातली माणसं आणि घाट उतरायला निघालेली देशावरची माणसं, दोघंही त्याच्या दुकानापाशी थांबायची.

कोकणातल्यांना पिझ्झ्यावर सोडे लागायचे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, आणि वर ओलं खोबरं. देशावरच्यांना हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भरडलेले शेंगदाणे. सोनबा दोन्ही करायचा आणि दोन्ही झकास करायचा. तेवढ्यावर थांबला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण सोनबाचा स्वभाव धास्तीचा. गिऱ्हाइकानं पहिला घास घेतला की हा त्याच्या कपाळाकडे टक लावून बघायचा. जराशी आठी दिसली की ह्याला प्रश्न पडायचे. आवडलं नसेल का? पुन्हा येईल ना? या धास्तीपायी त्याला एक वाईट खोड जडली.

दर गुरुवारी लेकीकडून परतताना मालिनीबाई पेडणेकर यायच्या. कोकणातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे सोड्यांचा पिझ्झा ठेवताना सोनबा हळूच म्हणायचा, "बाई, चव कळावी ती तुम्हा कोकणातल्यांनाच. घाटावरच्यांचं काय, जीभ भाजली की त्यांचं पोट भरलं!"

बाई हसायच्या.

शनिवारी कांद्याचा ट्रक घेऊन घुले तात्या यायचे. त्यांना तो म्हणायचा, "तात्या, आपली पसंती ठेच्यालाच. कोकणातल्यांचं काय सांगू, ते चहातसुद्धा नारळ किसून घालतील!"

तात्या मांडीवर थाप मारून हसायचे.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी सात वर्षं गेली.

एका गुरुवारी दुपारी घाटात टँकर आडवा झाला. खाली जाणारी सगळी वाहनं माथ्यावर अडकली. एसटीतून उतरून मालिनीबाई नेहमीसारख्या दुकानात येऊन बसल्या. सोनबानं त्यांना पिझ्झा दिला, आणि दारात बघतो तर घुले तात्या! कांदा घेऊन त्या आठवड्यात त्यांना दोन दिवस आधीच निघावं लागलं होतं.

सोनबाची पाचावर धारण बसली.

"तात्या, आत धूर फार झालाय," तो घाईघाईनं म्हणाला. "तुमचा पिझ्झा ट्रकातच आणून देतो."

"ट्रकात बसून बसून कंबर मोडली रे माझी," म्हणत तात्या आत आले. दुकानात बाक दोनच. एकावर बाई होत्या. तात्या समोरच्यावर टेकले.

सोनबा भट्टीशी गेला खरा, पण त्याचे कान बाकाकडे. ठेच्याचा पहिला पिझ्झा त्यानं करपवला. दुसरा कसाबसा जमला, तो त्यानं तात्यांपुढे ठेवला. मग त्याला एक युक्ती सुचली.

"बाई, एसटी सुटतेय बघा!"

बाई लगबगीनं उठून बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. "कुठं सुटतेय? ड्रायव्हर तर झाडाखाली घोरतोय."

सोनबा पुन्हा भट्टीआड झाला. आता काही ना काही निघणार, आत्ता निघणार, असं त्याला वाटत होतं.

"बाई, ते वर काय आहे हो?" तात्यांनी विचारलं.

"सोडे. घ्या ना, चाखून बघा. मलाही तुमच्यातला एक तुकडा द्या."

दोघांनी तुकडे बदलले. ठेच्यानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी आणखी एक घास घेतला. तात्या सोडे चावत मान डोलावू लागले. "अरेच्चा! हे तर फक्कड लागतंय. आणि हा सोनबा म्हणतो, तुम्ही लोक चहातसुद्धा नारळ घालता!"

बाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"मला तर दर गुरुवारी सांगतात, की घाटावरच्यांना चवच कळत नाही. जीभ भाजली की पोट भरलं."

तात्यांचं चावणं थांबलं. दोघांनी भट्टीकडे पाहिलं.

'गंमत केली हो,' हे शब्द सोनबाच्या ओठांवर आले होते. हसून वेळ मारून नेता आली असती. पण तात्यांचा चेहरा त्याला दिसला. तो धिप्पाड माणूस रागावला नव्हता, ओशाळला होता. सात वर्षं हसलो ते कुणाला, हे त्याला समोर दिसत होतं. सोनबा पुढं आला.

"दोन्ही मीच बोललो," तो म्हणाला. "दोन्ही खोटं. तुम्ही परत यावं म्हणून बोललो."

"अहो सोनबा," बाई म्हणाल्या, "पिझ्झा चांगला होता म्हणून येत होतो आम्ही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण मी हसले. त्याची लाज माझी मला."

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. दोन्ही ताटांत अर्धा अर्धा पिझ्झा तसाच राहिला होता.

पुढचे दोन शनिवार सोनबानं रस्त्याकडे डोळे लावून काढले. तिसऱ्या शनिवारी घुले तात्या आले. "ठेच्याचा दे," ते म्हणाले. "आणि एक सोड्यांचा बांधून दे, घरी नेतो." सवयीनं सोनबाचं तोंड उघडलं. ते त्यानं मिटलं आणि पीठ मळायला घेतलं.

मालिनीबाई मात्र पुन्हा दुकानात आल्या नाहीत. दर गुरुवारी एसटी थांबायची. खिडकीतून त्या मानेनं नमस्कार करायच्या, पण उतरायच्या नाहीत. सोनबाही हात जोडायचा. आणि तरी दर गुरुवारी सकाळी तो मूठभर सोडे भिजत घालायचा.

तात्पर्य: एकाच्या ताटाला नावं ठेवून दुसऱ्याची मर्जी राखू नये. आवडी निराळ्या असल्या म्हणून माणसं तुटत नाहीत, तोंडदेखल्या बोलण्यानं तुटतात.