टेपाड

डोंगरांनी भरलेल्या एका राज्यात उंबरधार नावाचं गाव होतं. तिथे धाकलू धनगर राहत होता. डोंगर ओळखण्यात त्याच्या तोडीचा माणूस आसपासच्या पाच गावांत नव्हता.

उंबरधारला कुणी नुसतं 'डोंगर' म्हणत नसे. खाली उतरत येणाऱ्या नाकाडाला सोंड म्हणत. अरुंद माथ्याला धार, कड्याखालच्या सपाट पट्टीला माची, वरच्या उघड्या कातळाला सडा. नाव ऐकलं की गुरं कुठे चारायची आणि घर कुठे बांधायचं, हे शेंबड्या पोरालाही कळे.

एका वर्षी राजाने मोठा तलाव बांधायला घेतला. त्यात एक गाव बुडणार होतं. त्या गावच्या बावीस घरांसाठी नवी जागा शोधायला विसाजीपंत नावाचे कारभारी आले. वाट दाखवायला त्यांनी धाकलूला बरोबर घेतलं.

चार दिवस चालून पंतांच्या पायांना फोड आले. पाचव्या दिवशी एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांना हिरवागार उंचवटा दिसला. शेजारी झरा होता.

"ही टेकडी बरी आहे," पंत म्हणाले.

"टेकडी न्हाई जी. टेपाड हाय ह्ये."

"फरक काय पडतो?"

"टेकडीच्या पोटात दगड असतोय. टेपाड म्हंजी वरनं कवातरी खाली आल्याली माती. वर झाडं उगवली तरी ती मातीच. लई पाणी प्याली की पुन्यांदा चालाय लागती."

पंतांनी वही उघडली. "आमच्या दफ्तरात तीनच शब्द आहेत. डोंगर, टेकडी, माळ. टेपाड कुठे लिहू?" आणि त्यांनी टेकडी लिहिलं.

दरबारात वही वाचली गेली, तेव्हा राजाने वाटाड्याला पुढे बोलावलं. "जागा पाहिलीस ना तू? कशी आहे?"

धाकलू म्हणाला, "म्हाराज, ते टेपाड हाय."

दरबार हसला. कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली, तेव्हा आणखी हसला. धाकलूने आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. तो उभ्या आयुष्यात इतका शरमला नव्हता.

पंत हसत म्हणाले, "टेकडी म्हणायचंय त्याला."

राजाने विचारलं, "टेकडीच ना?"

"व्हय म्हाराज," धाकलू म्हणाला. "टेकडीच."

बावीस घरं उभी राहिली. पहिला पावसाळा गेला, दुसराही गेला. काहीच झालं नाही. तिसऱ्या वर्षी त्याच वस्तीतून धाकलूच्या मुलीला, बायजाला, मागणी आली. मुलगा चांगला होता. धाकलू आठ दिवस नीट जेवला नाही. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं तर दरबारात खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. त्याने होकार दिला. आपणच चुकलो असू, असं तो स्वतःला सांगू लागला.

पाचव्या वर्षी श्रावणात सलग सहा दिवस पाऊस कोसळला. सातव्या दिवशी धाकलू लेकीकडे गेला. झऱ्याचं पाणी गढूळ झालं होतं. वस्तीतली झाडं एका अंगाला कलली होती. त्याला सगळं कळलं.

ओसरीवर चारपाच शेजारी बसले होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "बायजा, आईला बरं न्हाई. चल माझ्यासंगं."

"सासूबाई भणीकडं गेल्यात, आबा. म्हस कालच व्यालीया. चार दिसांनी येते."

एक म्हातारा शेजारी म्हणाला, "काय पावणं, तोंड का उतरलंय? जाग्याला काय धोका न्हाई ना?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आता बोललं तर पहिला प्रश्न येणार होता, मग पाच वर्षं गप्प का बसलास?

"न्हाई," धाकलू म्हणाला. "पावसाचा जरा तरास, दुसरं काय."

बायजाने त्याला गरम कण्या वाढल्या. तो चार घास जेवला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चुली पेटलेल्या असताना, माती चालू लागली. बावीसपैकी एकोणीस घरं गेली. धाकलू नऊ दिवस हातांनी चिखल उपसत होता. बायजा सापडली नाही, तिचा नवराही नाही.

दहाव्या दिवशी तिची सासू सोनाबाई बहिणीकडून परत आली. तिचं घर कुठे होतं, हेही तिला ओळखू येईना. धाकलूजवळ बसून तिने विचारलं, "तुमाला डोंगर कळतो म्हंत्यात. ह्ये ठावं हुतं तुमाला?"

"हुतं," धाकलू म्हणाला.

सोनाबाई पदर सावरून उठली आणि आल्या वाटेने परत गेली. त्यानंतर धाकलू चार वर्षं जगला. दिसेल त्याला तो वस्तीची जागा कशी ओळखावी ते सांगू पाही. लोक ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे जात. उंबरधारमध्ये पुन्हा कुणी त्याला वाट विचारली नाही.

तात्पर्य: चारचौघांत हसू होईल या भीतीने जो आपल्याला ठाऊक असलेलं खरं लपवतो, त्याला ते पुढे बोलणं रोज अधिकच जड होत जातं; आणि तो बोलतो तेव्हा वाचवायला कुणी उरलेलं नसतं.