दोन अंडी आणि चार पिसे

एका जंगलाच्या कडेला, तळ्याकाठी, जाळीचे एक मोठे पक्षिगृह होते. तिथे निकोबार बेटांवरच्या जातीची दोन कबुतरे राहत. मुलांनो, आपल्या खिडकीत घुमणाऱ्या कबुतरांसारखी ती नव्हती. अंगावर हिरवी-तांबूस झळाळी, मानेभोवती लांब पिसांची झालर आणि शेपूट मात्र आखूड, पांढरेशुभ्र. दोघांत फरक एवढाच, की एक जरा थोराड होते आणि दुसरे लहानखुरे. राखणदाराने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले, "मोठा तो नर, लहान ती मादी." पाटीवरही तसेच लिहिले.

दोघांचे छान जमले. थोराड कबूतर काड्या आणी, लहानखुरे त्या रचत बसे. एके सकाळी घरट्यात दोन अंडी दिसली. "एक नाही, दोन! नशीब काढलंत," जाळीवरचा कावळा म्हणाला. दोघांनी पाळीपाळीने अंडी उबवली. महिना उलटला, तरी आतून चोच वाजली नाही. पुढच्या विणीला तेच झाले, त्याच्या पुढच्याही. शेजारच्या जाळीत याच जातीची आणखी एक जोडी होती. तिने दर वर्षी सुबक घरटे बांधले, पण त्यात अंडे म्हणून कधी आले नाही.

"तुमच्या नरातच खोट आहे," कावळा म्हणाला. "मी बघताक्षणी ओळखलं होतं."

"मग तीन वर्षं कुठं होता कावळेदादा?" फांदीवरच्या खारीने शेंगदाणा फोडत विचारले.

राखणदारालाही तसेच वाटू लागले होते. थोराड कबुतराला लांबच्या दुसऱ्या पक्षिगृहात पाठवायचे ठरले. त्या दिवसापासून लहानखुऱ्याने दाण्याला चोच लावली नाही. थोराड कबूतर हळूच म्हणाले, "माझ्यामुळेच अंडी गार पडली असतील गं. मला पाठवलं, तर तुझं भलं होईल." लहानखुरे म्हणाले, "माझं भलं मला विचारून ठरव."

पाठवण्याआधी तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारले, "दर वेळी अंडी किती?"

"दोन, बाई. कधी कमी नाही," राखणदार अभिमानाने म्हणाला.

"या जातीची मादी एका वेळी एकच अंडे घालते. मग दुसरे कोणी घातले?"

राखणदार पाटीकडे बघत राहिला. बाई म्हणाल्या, "दोन्ही जाळ्यांतल्या चौघांचे एकेक पीस द्या. खाली पडलेले नको, ते कोणाचे हे कसे सांगणार? अंगावरचे, मुळासकट हवे. मुळाशी जनुके असतात. नर की मादी, हे त्यांत लिहिलेले असते. रंग फसवेल, उंची फसवेल, ती फसवत नाहीत."

थोराड कबूतर घाबरून कोपऱ्यात गेले. तेव्हा लहानखुरे पुढे झाले आणि त्याने छाती पुढे केली. पीस निघाल्यावर ते म्हणाले, "मुंगी चावते तेवढंच. ये, मी शेजारी उभी राहते." चार पिसे चार पाकिटांत गेली आणि पाकिटे प्रयोगशाळेत.

आठ दिवसांनी उत्तर आले. या जाळीतल्या दोघीही माद्या होत्या आणि शेजारचे दोघेही नर. दर वेळी दोघी मैत्रिणी एकेक अंडे घालत, आणि पलीकडे दोघे नर रिकामे घरटे सजवत बसत. खार इतकी हसली, की फांदीवरून घसरली.

"म्हणजे खोट कोणातच नव्हती?" थोराड मादीने विचारले. हा प्रश्न तिने तीन वर्षे मनात ठेवला होता.

राखणदाराला कबुतरांची भाषा कळत नव्हती, पण तो पाटी पुसत स्वतःशीच पुटपुटला, "खोट माझ्या पाटीत होती."

कोणालाही कुठे पाठवले नाही. दोन जाळ्यांमधला पडदा काढला. चौघे काही दिवस एकमेकांना न्याहाळत फिरले, माना डोलावत घुमले, आणि पुढच्या विणीला एकाच झाडावर दोन घरटी झाली, प्रत्येकात एकच अंडे. मैत्रिणींनी घरटी मात्र एवढी जवळ बांधली, की बसल्या बसल्या गप्पा मारता याव्यात. एका सकाळी थोराड मादी बोलता बोलता थांबली. तिच्या पोटाखाली काहीतरी टकटकत होते.

उघडेबोडके, डोळे मिटलेले पिल्लू बाहेर आले. कावळा जाळीवर वाट बघतच होता. त्याने मान तिरकी करून पाहिले आणि सांगून टाकले, "नर आहे, नर! बघताक्षणी ओळखलं."

थोराड मादीने पिल्लाला पंखाखाली घेतले आणि ती म्हणाली, "कावळेदादा, आधी त्याला पिसं तरी फुटू द्या."

तात्पर्य : अंदाज चुकला, तर बांधणाऱ्याचे काही जात नाही, ज्याच्याविषयी बांधला, त्याची वर्षे जातात. म्हणून कोणावर ठपका ठेवण्याआधी नीट तपासून पाहावे.