सनदेत नसलेला वारा

ही गोष्ट इतक्या जुन्या काळची आहे, की त्या राज्याच्या राजाचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. मात्र त्याच्या एका अधिकारी बाईंचे नाव लोकांनी जपून ठेवले. त्यांचे नाव सगुणाबाई. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि ज्यांच्या एका शब्दावर चार घरांचे बरेवाईट ठरते अशा मोठ्यांनी ती जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्यात टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या खालच्या अंगाला राजाने मोठा तलाव बांधायला घेतला होता. बांधाला चुना हवा होता आणि चुन्याचा दगड टेकडीत हवा तेवढा होता. म्हणून राजाने रखमाजी नावाच्या कष्टाळू माणसाला गावाच्या पश्चिमेचे माळरान दिले. आपल्या शिक्क्याची सनदही दिली. सनद म्हणजे त्या जागेवर भट्टी लावायचा परवाना.

रखमाजीने चुन्याची भट्टी उभारली. ज्यांना शेतीचा तुकडाही नव्हता, त्या घरांतल्या माणसांना दगड फोडायचे, लाकूड वाहायचे काम मिळाले. त्यांच्या चुली पेटल्या.

पण भट्टी पेटली की पश्चिमेचा वारा धूर उचलून गावात आणी. वाळत घातलेली लुगडी करडी होत. पाण्याच्या हंड्यांवर पांढरा थर धरे. म्हाताऱ्यांचा खोकला हटत नसे.

लोक तक्रार घेऊन अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "सनदेवर राजाचा शिक्का आहे. मी काय करणार? दारं लावून घ्या."

त्याच्यानंतर दुसरा अधिकारी आला. तो जमावाला घाबरला. त्याने कुणाला काही न विचारता भट्टी विझवायला लावली. गावातले निम्मे लोक खूश झाले आणि निम्म्यांच्या घरात उपास पडू लागले. बांध अर्धाच राहिला. राजा चिडला, अधिकारी गेला, भट्टी पुन्हा पेटली. आता तर गावाची दोन गावे झाली. विहिरीवर बाया एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. कुणीतरी भट्टीची भिंत पाडली, कुणीतरी त्याच्या बदल्यात कुणाचे कुंपण तोडले.

अशा वेळी सगुणाबाई त्या गावावर अधिकारी म्हणून आल्या.

पहिल्याच दिवशी कचेरीसमोर गर्दी झाली. सर्वांत पुढे गावचा पाटील हैबतराव होता. "बाईसाहेब, भट्टी आजच्या आज हलवा," तो गरजला. "गावाचा जीव चाललाय!"

"तुमच्या घरात धुराचा काय त्रास होतो, पाटील?" सगुणाबाईंनी विचारले.

हैबतराव चाचरला. त्याचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, उंचावर होते. तिथे धूर पोचतच नसे. "म्हणजे, ते माळरान... आमची गुरं पूर्वी तिथं चरायची," तो म्हणाला.

कुणीतरी हसले. सगुणाबाई हसल्या नाहीत. "ती तक्रार खोटी नाही. पण ती चराईची आहे, धुराची नाही. ती मी वेगळी ऐकीन. आज ज्यांच्या घरात धूर येतो, त्यांना बोलू द्या."

एकेक जण बोलू लागला. बाईंनी कुणालाच मध्ये तोडले नाही. शेवटी एक वाकलेली म्हातारी पुढे झाली, तशी गर्दीत कुजबुज सुरू झाली. ती गोदाक्का. सगळ्या गावात तक्रारखोर म्हणून तिची ख्याती. शेजाऱ्याचा कोंबडा लवकर आरवतो, देवळातली घंटा मोठ्याने वाजते, काहीही तिला खपत नसे.

"झालं! आता अक्का सुरू!" मागून कुणीतरी म्हणाले.

गोदाक्काने तिकडे लक्ष दिले नाही. "भट्टी पेटली की माझ्या नातीचा श्वास कोंडतो," ती म्हणाली. "रात्रभर तिला मांडीवर उभी धरून बसते मी. आधीच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, तुला रोजच काहीतरी होतं."

"मी बघायला येते," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि रखमाजींनाही घेऊन येते."

भट्टी पेटलेली असताना गोदाक्काच्या अंगणात सतरंजी अंथरली गेली. एका बाजूला गावकरी बसले, दुसऱ्या बाजूला रखमाजी. तो खरे तर मनाने चांगला माणूस; पण भट्टी पेटलेली असताना तो कायम भट्टीपाशी असे, आणि धूर तिथून उठून दूर निघून जाई. तो कुठे जातो, हे त्याने कधी पाहिले नव्हते. आज तो धूर त्याच्याच डोळ्यांत गेला. आतून गोदाक्काची नात बाहेर आली. दाराच्या चौकटीला धरून ती श्वास ओढत होती. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. रखमाजीने मान खाली घातली.

"मला हे ठाऊक नव्हतं," तो हळूच म्हणाला.

लोकांना वाटले, झाला निकाल. पण सगुणाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सगळे माझ्याबरोबर भट्टीवर चला."

भट्टीवर गावातल्याच बाया दगड फोडत होत्या. हातांना चुन्याने भेगा पडलेल्या. त्यांतली एक उठून गोदाक्कासमोर उभी राहिली. "अक्का, तुमच्या नातीचं मला कळतं. मलाही लेकरं आहेत. पण मागे भट्टी बंद झाली, तेव्हा त्यांना मी नुसतं पाणी पाजून झोपवलं. तेव्हा कुणी माझ्या अंगणात आलं होतं का?"

गोदाक्काने तिचे भेगाळलेले हात आपल्या हातात घेऊन पाहिले.

सगुणाबाईंनी निकाल द्यायची घाई केली नाही. त्या माळरानावर फिरल्या, जुन्या गुराख्यांशी वाऱ्याबद्दल बोलल्या, दगड भाजणाऱ्या माणसांना त्यांच्या कामातल्या अडचणी विचारल्या. मग त्यांनी दोन्ही बाजूंना बोलावले.

"मी सनद पुन्हा पुन्हा वाचली," त्या म्हणाल्या. "राजाने रखमाजींना जमीन दिली आहे. ती त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण सनदेत वारा दिलेला नाही. वारा अजून सगळ्यांचा आहे."

रखमाजी कळवळून म्हणाला, "पण बाईसाहेब, वारा मी कसा अडवू?"

"अडवू नका. तो कुठे चाललाय ते बघा. थंडीत वारा गावाकडून माळाकडे जातो, तेव्हा भट्टी पेटवा. तो गावाकडे फिरला की नवं लाकूड घालू नका. त्या दिवसांत दगड फोडा, भाजलेला चुना भिजवून खड्ड्यांत मुरत ठेवा. कामावरच्या कुणालाही घरी बसवायचं नाही. माळाच्या कडेला उंच काठीवर निशाण लावू, म्हणजे वारा सगळ्यांना दिसेल. माळाचा रिकामा पट्टा गावच्या गुरांना चराईला."

"आणि निशाणावर लक्ष कोण ठेवणार?" हैबतरावाने विचारले.

"गोदाक्का," सगुणाबाई म्हणाल्या. "त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, हे सारं गावच सांगतं."

सगळे हसले. गोदाक्का मात्र ताठ उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या स्वभावाचा उपयोग पाहिला होता.

सुरुवातीला रखमाजीला फार जड गेले. निशाण गावाकडे वळले की गोदाक्का काठी टेकत भट्टीवर हजर. पण हळूहळू त्याची घडी बसली. खड्ड्यात मुरलेला चुना ताज्या चुन्यापेक्षा चिवट निघाला आणि गवंडी तोच मागू लागले; अर्धा राहिलेला बांध पुरा झाला. गावातली धुणी पांढरी राहू लागली. गोदाक्काची नात अंगणात धावू लागली. विहिरीवर पुन्हा गप्पा ऐकू येऊ लागल्या.

मग एका वर्षी, उन्हाळा सरता सरता, तलावाच्या बांधाला मोठा तडा गेला. पावसाळा तोंडावर होता. मुरवलेला चुना पुरणार नव्हता, आणि वारा तर पश्चिमेचा, थेट गावाकडे. राजाने घाईने हुकूम सोडला की भट्टी तातडीने पेटवावी, आणि जो आड येईल त्याला धरून आणावे. हुकूम घेऊन शिपाई निघाले.

इकडे रखमाजी पागोटे हातात घेऊन गोदाक्काच्या अंगणात आला होता.

"निशाण माझ्या दाराकडे फडफडतंय," ती म्हणाली. "दिसत नाही का तुला?"

"दिसतं, अक्का. म्हणूनच विचारायला आलो. तुम्ही नाही म्हणालात, तर नाही पेटवणार."

"बांध फुटला तर?"

"खालची गावं वाहून जातील."

गोदाक्का थोडा वेळ नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिने शेजारणीला हाक मारली. "लेकरं आणि खोकणारी माणसं नदीपलीकडच्या आमराईत नेऊ या. पाटलांना म्हणावं, गाड्या जुंपा." आणि रखमाजीकडे वळून ती म्हणाली, "जा, पेटव. पण बांध बुजला की विझव. नाहीतर गाठ माझ्याशी आहे."

हैबतरावाने आपल्या सगळ्या गाड्या दिल्या. ज्या घरांनी कधी काळी भट्टीची भिंत पाडली होती, त्यांतली माणसे लाकूड वाहू लागली.

शिपाई पोचले, तर भट्टी धडधडत होती. त्यांचा नाईक चक्रावला. "कुणाच्या हुकमाने पेटवली?"

"माझ्या," गोदाक्का धुरात खोकत म्हणाली.

बांध वेळेत बुजला. त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला, पण खालच्या गावांत पाण्याचा एक लोटही शिरला नाही. हे सारे राजाच्या कानावर गेले, तेव्हा त्याने आपला तो हुकूम मागवून स्वतःच्या हाताने फाडला. सगुणाबाईंना दरबारात बोलावून उभे राहून मान दिला. आणि त्या दिवसापासून त्याच्या राज्यात असा नियम झाला की, कुठल्याही कारखान्याला जागेची सनद द्यायची ती त्या जागेभोवती राहणाऱ्यांना आधी विचारूनच.

तात्पर्य: ज्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली जाते, तोच वेळ आल्यावर सर्वांसाठी आपणहून झळ सोसतो.