तिरक्या दोरीची लांबी

“पण गुरुजी, जी लांबी सांगताच येत नाही, ती असेल तरी कशी?”

मुद्गलाचा आवाज चिरकला. गणितात त्याच्याइतका तरबेज शिष्य आश्रमात दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

गावकऱ्यांना जुन्या चौरस वेदीच्या दुप्पट क्षेत्रफळाची नवी चौरस वेदी हवी होती. “बाजू किती घ्यायची ते मी सांगतो,” असं हा पठ्ठ्या भर सभेत बोलून बसला होता. आता गवंडी अंगणात येऊन थांबले होते आणि याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“जुन्या वेदीची बाजू एक धरली,” तो म्हणाला. “नवीची दीड घेतली तर क्षेत्रफळ जास्त होतं. सात छेद पाच घेतली तर किंचित कमी पडतं. सतरा छेद बारा घेतली तर पुन्हा किंचित जास्त.”

“मग?” त्रिविक्रमशास्त्रींनी विचारलं.

“मग मी सिद्धच केलं. कोणताही अपूर्णांक तिथे नेमका बसणार नाही. कधीच नाही.”

“शाब्बास.”

“शाब्बास काय, गुरुजी! पूर्णांक नाही, अपूर्णांकही नाही... म्हणजे संख्याच नाही. संख्यांच्या रेषेला तिथे भोक आहे. वेदी होणार नाही. माझी नाचक्की झाली ती झाली, आपलंही नाव घालवलं मी. आजच आश्रम सोडून जातो.”

शास्त्रीबुवांनी अंगणातल्या जुन्या वेदीच्या कोपऱ्यात खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ताणली.

“या दोरीएवढ्या बाजूचा चौरस काढला तर?”

मुद्गलाने मनात आकृती मांडली. तिरक्या दोरीने जुन्या वेदीचे दोन त्रिकोण झाले होते. नव्या चौरसात तसेच चार मावत होते.

“दुप्पट...” तो पुटपुटला.

शास्त्रीबुवांनी वेदीच्या कडेची रेषा काठीने मातीत पुढे वाढवली. खुंटी तशीच ठेवून दोरी फिरवली आणि तिचं टोक त्या रेषेवर टेकवलं.

“तुझे पूर्णांक, अपूर्णांक सगळे याच रेषेवर राहतात ना?”

“हो.”

“मग बघ, कुठे भोक आहे का.”

मुद्गल गुडघ्यांवर बसला. बोटाने चाचपून पाहिलं...

जमीन होती. चांगली घट्ट.

त्याला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला. त्याची सिद्धता खोटी नव्हती, आणि वेदीही होणार होती. ही लांबी त्याच्या अपूर्णांकांच्या शेजारीच राहत होती. त्याने गवंड्यांना हाक मारली आणि दोरी त्यांच्या हाती दिली.

पण गणिती तो गणितीच. दारापर्यंत गेला आणि माघारी आला.

“गुरुजी, पण हिला म्हणायचं काय? हिला तर नावच नाही.”

शास्त्रीबुवांनी हाताची माती झटकली.

“मुद्गला, तुझं बारसं बाराव्या दिवशी झालं. तोवर आईच्या कुशीत कोण रडत होतं?”